जिम्नीला एटी की एमटी टायर? सप्टेंबरात स्पिती, बाकी वर्षभर नाशिकचे घाट

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. गाडी मारुतीची जिम्नी मॅन्युअल, टायर कंपनीचेच १९५/८० आर १५, एचटी म्हणजे हायवेवाले. ४० हजारांच्या पुढे गेलेत आणि पुढचे दोन जवळजवळ गोटा झालेत, त्यामुळे पावसाच्या आधी बदलायचे हे नक्की आहे. सप्टेंबरात मी, नवरा आणि सासरे असे तिघं स्पितीला निघतोय, नाशिकहून गाडीनेच, जाताना शिमला-किन्नौर-टाबो करत काझा आणि येताना कुंझुम खिंड उतरून ग्रामफूवरून मनाली. बाकी वर्षभराचं म्हणाल तर महिन्यातून दोनदा मुंबई, म्हणजे कसारा घाट आलाच, आणि पावसाळ्यात भंडारदरा, पाचनई, त्र्यंबकच्या मागचे कच्चे रस्ते.

इथे एका दुकानात सांगितलं एमटीच (मड टेरेन, चिखलाचे) टाका आणि साइज पण २३५/७५ करा, गाडी उंच होईल, भारी दिसेल. दुसऱ्या दुकानात म्हणाले परत एचटीच घ्या, स्पितीला आल्टो पण जाते. दोघंही इतके खात्रीने बोलतात की आता डोकं चालेनासं झालंय. बजेट पाच टायरचं मिळून ५० हजार. एटी (ऑल टेरेन, सगळ्या रस्त्यांचे) का एमटी, साइज कोणती, आणि तिकडे हवा किती ठेवायची, एवढं कोणीतरी नीट सांगा प्लीज.

घाटवाट
ताई, आधी तुमचा रस्ता मोजू. नाशिक-मनाली जाऊन-येऊन आणि आतलं फिरणं धरून चार हजार किलोमीटरच्या आसपास होईल. त्यातला खरोखर गाडीची परीक्षा घेणारा भाग म्हणजे लोसर ते ग्रामफू, कुंझुम-बातल-छत्रू करत, साधारण ८० किलोमीटर. किन्नौरकडे दरडी पडलेले तुकडे लागतात, चंद्रतालचा फाटा वेगळा, पण बाकी सगळं डांबर नाहीतर सिमेंट. आग्रा हायवेवर तुम्ही दोन दिवस सलग ९०-१०० ने चालवणार, भर पावसात पण चालवणार. एमटीच्या नक्षीत खाचा मोठ्या आणि ठोकळे कमी, म्हणजे रस्त्याला टेकणारं रबरच कमी, त्यामुळे ओल्या डांबरावर ब्रेक लागायला जास्त अंतर जातं. कसारा घाटात जुलैच्या पावसात पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला की हा फरक कळतो. शिवाय आवाज, आणि झीज पण लवकर. तुमच्या वापराला एटी. यात मला काही शंका नाही.

आता साइज. तुमचा आत्ताचा टायर (रुंदी १९५ एमएम, बाजूची उंची तिच्या ८० टक्के, रिम १५ इंच) उभा मोजला तर ६९३ एमएम. २१५/७५ आर १५ घेतला तर ७०३ च्या थोडा वर जातो, म्हणजे दीड टक्का मोठा. स्पीडोमीटरवर १०० दिसेल तेव्हा खरा वेग साधारण १०१.५, काही बिघडत नाही. रिम तुमची साडेपाच इंच रुंद आहे, तिच्यावर हा बसतो. २३५/७५ मात्र ७३३ एमएमचा, जवळपास सहा टक्के मोठा, त्याला साधारण ६ इंच रुंदीपासून पुढची रिम पाहिजे, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की घासायची शक्यता, मग गाडी लिफ्ट (सस्पेन्शन उंच) करा, मग अलाइनमेंटच्या मागे लागा. आणि जिम्नीचं इंजिन दीड लिटरचं, मोठा जड टायर फिरवायला त्याला ताकद लागते, घाटात तिसऱ्याऐवजी दुसऱ्यावर यावं लागतं. एवढं सगळं करून गाडीखालची उंची वाढते किती, तर २० एमएम. उंची नेहमी व्यासातल्या फरकाच्या निम्मीच वाढते हे दुकानात कोणी सांगत नाही. अजून एक, कंपनीने मंजूर न केलेली साइज टाकली तर अपघातानंतर इन्शुरन्सवाल्यांना क्लेममध्ये बोट घालायला जागा मिळते, म्हणून काहीही टाकायच्या आधी त्यांना लेखी विचारून ठेवा, २१५ साठी पण.

दुसऱ्या दुकानदाराचं अगदीच चूक नाही, स्पितीला आल्टो जातात हे खरं आहे, लोकल टॅक्स्या साध्या टायरवर रोज जातात. पण तो ड्रायव्हर तिथला प्रत्येक दगड ओळखतो, आणि टायर फाटला तर काझाहून भाऊ दुसरा घेऊन येतो. आपलं तसं नाही. बातलला साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) फाटली तर पुढे काय, हा विचार करून टायर घ्यायचा.

तळकोकणी
घाटवाट दादांशी अर्धा सहमत. स्पितीपुरतं एटी ठीक, पण एमटीला सरसकट नको म्हणू नका. आमच्याकडे सावंतवाडी-दोडामार्गच्या बाजूला जून-जुलैत बागेकडे जाणारा रस्ता म्हणजे नुसता लाल चिखल, वर चढ. एटीच्या बारीक खाचा दोन चाकभर अंतरात भरून जातात आणि मग तो टायर गुळगुळीतच झाला समजा, फोर बाय फोर लो (चारही चाकांना ताकद देणारा सावकाश गिअर) टाकून पण चारही चाकं जागच्या जागी फिरतात. एमटीच्या खाचा मोठ्या, त्यातून चिखल चाक फिरताना बाहेर फेकला जातो, म्हणून तो परत परत जमीन पकडतो. ज्याला वर्षातले चार महिने असल्या रस्त्यावरून रोज जायचंय, आंबा-काजूची बाग आहे, त्याने एमटीच घ्यावा, आवाज सहन करावा. ताईंचं तसं नाही हे मान्य, त्या महिन्याला दोनदा मुंबईला जातायत.

घाटवाट
तळकोकणी, बरोबर आहे तुमचं, लाल मातीत मी पण एमटीच म्हणेन. मात्र नाशिक-नगरच्या काळ्या मातीत तेवढी अपेक्षा ठेवू नका, ती ओली झाली की एमटीच्या मोठ्या खाचेत पण लगदा बसतो तो निघतच नाही, चाकाला गोळा चढत जातो आणि शेवटी मडगार्डला घासायला लागतो. त्या रस्त्यावर एक दिवस ऊन पडू द्यायचं आणि मग जायचं, दुसरा उपाय नाही.

सातारी टायरवाला
नमस्कार, टायरच्या धंद्यातच आहे म्हणून ग्राहकांना जे सांगतो तेच इथे लिहितो, कंपनी कुठलीही घ्या, योकोहामा जिओलँडर, अपोलो अप्टेरा, सिएट, मॅक्सिस, बीएफ गुडरिच, सगळ्यांचे एटी बाजारात आहेत, पण आपल्या साइजमध्ये कोणाचा आणि ताजा माल मिळतो ते आधी बघा. टायरच्या बाजूला डीओटी लिहिलेलं असतं, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे. २३२४ असेल तर २०२४ सालातला २३ वा आठवडा. पुष्कळदा हे आकडे एकाच बाजूला असतात आणि बसवताना ती बाजू आत गेली की मग ग्राहकाला दिसतच नाहीत, म्हणून रिमवर चढवायच्या आधी पाचही टायर आडवे ठेवून वाचा, मोबाइलमध्ये फोटो काढा. सहा-आठ महिन्यांचा माल चालतो, दोन-अडीच वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला असेल तर सरळ नाही म्हणा, सवलत देत असतील तरी.

मग साइजच्या पुढचा आकडा आणि अक्षर बघा. ९६ म्हणजे एका टायरवर ७१० किलो, १०० म्हणजे ८०० किलो. अक्षर वेगाचं, एस म्हणजे १८०, टी म्हणजे १९०, क्यू म्हणजे १६०. कंपनीच्या टायरवर जे आहे त्याच्या खाली जायचं नाही, एवढं धरून ठेवा.

साइजला जोडून एलटी लिहिलेले जाड टायर येतात, दहा प्लायच्या (थरांच्या) ताकदीचे वगैरे. ते फॉर्च्युनर, हायलक्स, सामान भरलेली थार यांना शोभतात. जिम्नी बाराशे किलोच्या आसपासची गाडी, तिच्याखाली एवढा कडक टायर दाबलाच जात नाही, गाडी उड्या मारते आणि मागे बसलेल्याची कंबर मोडते. सासरे बरोबर आहेत म्हणताय म्हणून मुद्दाम सांगतोय. साध्या बांधणीचाच एटी घ्या, फक्त साइडवॉलवर जाड उंचवटे असलेला बघा, दगड घासला तर आधी ते उंचवटे झिजतात, आतल्या धाग्यापर्यंत पोचत नाही.

आणि पाच म्हणजे पाचच बदला. चार नवीन आणि स्टेपनीला जुना १९५ ठेवला की पैसे वाचतात असं वाटतं. पण जिम्नीला मध्ये डिफरन्शिअल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नाही, फोर बाय फोरमध्ये पुढचा-मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतो, एक चाक लहान असेल तर तो ताण ट्रान्स्फर केसवर (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीवर) जातो. पंक्चर झालं ते नेमकं फोर बाय फोर लागणाऱ्या जागी होतं. पाचही सारखे घेतले की आठ-दहा हजार किलोमीटरवर स्टेपनीसकट फिरवा, पाचही एकसारखे झिजतील. तुमची स्टेपनी मागच्या दरवाजावर असते, तिचे नट फिरवताना हाताने ओढून बघा, खराब रस्त्याने ते ढिले होतात.

पर्थकर
पर्थहून लिहितोय, इथे आम्ही काही मराठी मंडळी सुट्टीत गाड्या घेऊन उत्तरेला जातो. किंबर्लीतला गिब रिव्हर रोड म्हणून आहे, साधारण ६६० किलोमीटर, बराचसा मातीचा आणि दगडांचा, तिथे टायर फाटणं इतकं नेहमीचं की पुष्कळ लोक दोन स्टेपन्या नेतात. तिथे सगळ्यात जास्त काय उपयोगी पडत असेल तर हवा कमी करणं. रस्त्यावर आडव्या लाटा असतात, गाडीचा खुळखुळा होतो, अशा रस्त्यावर डांबराचीच हवा ठेवली तर टायर फुग्यासारखा ताठ राहतो आणि टोकदार दगड त्याला भोसकतो. थोडी हवा काढली की टायर दगडाभोवती वाकतो, दगड गिळून पुढे जातो.

पण हवा काढली की वेग पण काढायचा, हे दोन्ही एकत्रच. कमी हवेवर ८० ने पळवलं तर साइडवॉल सारखी वाकत राहते, आतून तापते, आणि टायर फुटतो. शिवाय मऊ टायर बाजूला फुगतो, त्यामुळे कडेच्या दगडाला साइडवॉल घासायची भीती वाढते, चाकं कुठून जातायत तिकडे लक्ष ठेवा. जिम्नी हलकी आहे, दगडी पट्ट्यात २२-२३ पीएसआय आणि ताशी २५-३० पुरे. १५ च्या खाली जायचं तर ते फक्त वाळूत, तिथेही गर्रकन वळवलं तर टायर रिमवरून उतरू शकतो. डांबर लागलं की पहिलं काम हवा भरणं, म्हणून बॅटरीला चिमटे लावून चालणारा चांगला इन्फ्लेटर (हवा भरायचा पंप) आणि हवा मोजायचा स्वतःचा गेज पाहिजेच, लायटरच्या सॉकेटवरचे बारके पंप चार टायर भरेपर्यंत दमतात.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं स्पष्ट कोणीच सांगितलं नव्हतं. २१५/७५ एटी, पाच, साध्या बांधणीचे, हे ठरलं. इन्शुरन्सला मेल आज पाठवते. दोन गोष्टी राहिल्या. एक, टायरवर डोंगर आणि बर्फाचं चिन्ह असलेलाच घ्यायचा का? दोन, उंचीवर टायरमधली हवा वाढते म्हणतात, मग नाशिकमधूनच कमी भरून निघायचं का? सासरे रोज हा प्रश्न विचारतायत.

घाटवाट
तीन शिखरं आणि त्यात बर्फाची चांदणी असं चिन्ह असेल तर तो टायर बर्फावरच्या पकडीच्या चाचणीत पास झालेला असतो. नुसतं एम प्लस एस (मड अँड स्नो) लिहिलेलं असेल तर ती कंपनीची स्वतःची नोंद, चाचणी लागत नाही. सप्टेंबरात कुंझुमला एखाद्या सकाळी ताजा बर्फ मिळू शकतो, त्यामुळे तुमच्या साइजमध्ये चिन्हवाला मिळत असेल तर तोच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. पण गोठून काच झालेल्या रस्त्यावर कुठलाच टायर धरत नाही, तिथे ऊन वर येईपर्यंत चहा घेत थांबायचं.

आता सासऱ्यांचा प्रश्न, आणि तो चांगला प्रश्न आहे. गेज दाखवतो तो आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक. नाशिकला बाहेरचा दाब साधारण १३.७ पीएसआय, कुंझुमला साडेचार हजार मीटरवर ८.४ च्या आसपास. म्हणजे काही न करता गेजवर पाच वाढलेले दिसणार. पण तिकडे थंडी पण आहे. नाशिकमध्ये २८ अंशात समजा २८ पीएसआय भरले, आणि कुंझुमला पहाटे शून्य अंशात मोजले, तर थंडीने जवळजवळ चार कमी होतात, गेज २९-३० दाखवेल. दुपारी उन्हात गाडी चालवून थांबलात की तोच आकडा ३४-३५ ला जाईल. म्हणून नाशिकमधून कमी भरून निघू नका, मैदानात गरम रस्त्यावर कमी हवा जास्त धोक्याची. दरवाजावरच्या स्टिकरप्रमाणे भरा, काझाला मुक्कामाच्या सकाळी, गाडी हलवायच्या आधी, थंड टायरवर मोजा आणि तिथे जुळवून घ्या. खाली मनालीला उतरलात की परत मोजा, तेव्हा कमी भरेल, विसरू नका.

काझाहून निघताना टाकी फुल करा, मनालीपर्यंत मध्ये पंप नाही, टायरचं दुकान तर नाहीच. आणि उजाडतानाच निघा, दुपारनंतर बर्फ वितळून नाल्यांना पाणी वाढतं. वाहत्या पाण्यात खालचे गोटे दिसत नाहीत, साइडवॉल नेमकी तिथेच कापते. आधी एक गाडी जाऊ द्या, तिची चाकं कुठून गेली ते बघा, मग फोर बाय फोर लो टाकून पहिल्या गिअरमध्ये हळू, मध्ये न थांबता. पंक्चर किटमधल्या पट्ट्या फक्त वरच्या नक्षीतल्या भोकाला चालतात, साइडवॉलला कोणी लावतो म्हणाला तरी लावून घेऊ नका, तिथे स्टेपनीच लावायची. मिस्टरांना म्हणावं निघायच्या आधी घराखाली एकदा स्वतः चाक बदलून बघा, आणि तुम्ही पण बघा, जिम्नीचा जॅक कुठे लागतो आणि पान्ह्याने नट सुटतात का ते. टायरवाले मशीनने नट इतके आवळतात की रस्त्यावर हाताने सुटत नाहीत, बसवून झाल्यावर तिथेच एकदा ढिले करून हाताने आवळायला सांगा.

सातारी टायरवाला
हे शेवटचं शंभर टक्के. आणि नवीन टायर बसवल्यावर ८०-१०० किलोमीटर चालवून नट परत एकदा तपासा. स्पितीच्या निदान दीड महिना आधी बसवा म्हणजे काही खोट असेल तर नाशिकमध्येच कळेल, तिकडे गेल्यावर नको.