घर आणि गाडी, दोन्हींसाठी अलार्मचे एकच सर्किट चालेल का?

प्रश्न – नवशिका

ब्रेडबोर्डवर छोटी सर्किटे जोडण्याचा मला सराव आहे आणि ट्रान्झिस्टर, रिले व ५५५ टायमर (वेळ मोजणारी चिप) यांची प्राथमिक ओळखही आहे. घराच्या दारासाठी चुंबक आणि रीड स्विच (चुंबक जवळ आला की बदलणारा स्विच) वापरून असा अलार्म करायचा आहे की दार उघडताच बझर वाजेल आणि ते लगेच लावून घेतले तरी वाजतच राहील. दार बंद असताना रीड स्विच जुळलेला असावा की उघडा, हे मला ठरवता येत नाही. शिवाय बॅटरी दोन्हीकडे १२ व्होल्टचीच असल्यामुळे हेच सर्किट गाडीच्या दारांना जोडण्यात काही अडचण आहे का?

उत्तर – जुना थायरिस्टर

दार बंद असताना स्विच जुळलेला असावा आणि त्यातून अत्यल्प प्रवाह सतत वाहत असावा. उलट रचना केली, तर वायर तुटली, सोल्डरचा डाग सुटला किंवा कोणी मुद्दाम वायर कापली तरी सर्किट गप्प बसते आणि ते निकामी झाल्याचे घरात कोणाला कळतही नाही. बंद साखळीत मात्र यांपैकी काहीही घडले तरी बझर वाजतो. खिडक्यांचे स्विच याच साखळीत एकापुढे एक जोडता येतात.

वाजत राहण्यासाठी ५५५ ची गरज नाही. सी१०६ सारखा एक संवेदनशील थायरिस्टर (एकदा सुरू झाला की प्रवाह तुटेपर्यंत सुरूच राहणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) बझरच्या मार्गात पुरेसा आहे, कारण त्याच्या गेटला, म्हणजे त्याला सुरू करणाऱ्या पायाला, सुमारे ०.२ मिलिअँपिअर प्रवाहही चालतो. बॅटरीच्या धन टोकापासून गेटपर्यंत १० किलोओहमचा रेझिस्टर जोडा आणि गेटपासून ऋण टोकापर्यंत रीड स्विचांची साखळी न्या. साखळी जुळलेली असेपर्यंत रेझिस्टरमधून येणारा १.२ मिलिअँपिअर प्रवाह तिच्यातूनच निघून जातो. ती तुटली की जवळपास तेवढाच प्रवाह गेटमध्ये शिरतो, थायरिस्टर सुरू होतो आणि त्यानंतर गेटवर काहीही केले तरी तो बंद होत नाही. बंद करण्यासाठी बॅटरीच्या मार्गातच किल्लीचा स्विच ठेवावा. साखळीची वायर लांब असेल तर ती आसपासच्या विजेच्या उपकरणांचा गोंगाट पकडते, म्हणून गेट आणि कॅथोड (ऋण टोकाकडचा पाय) यांच्यामध्ये, थायरिस्टरच्या पायांना अगदी लागून, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा.

एक गोष्ट पुस्तकी आकृत्यांत बहुधा सुटलेली असते. बझरऐवजी हातोडीची विजेची घंटा वापरली, तर ती आपला प्रवाह प्रत्येक ठोक्याला स्वतःच तोडते आणि थायरिस्टर पहिल्याच ठोक्यानंतर बंद पडतो. घंटेला समांतर १ किलोओहमचा रेझिस्टर दिल्यास सुमारे ११ मिलिअँपिअर प्रवाह अखंड राहतो आणि थायरिस्टर टिकून राहतो. घंटेच्या वेटोळ्यावर एक उलटा डायोडही हवाच.

उत्तर – डायोडप्रेमी

वरील सर्किट घरासाठी उत्तम आहे, पण गाडीत ते जसेच्या तसे नेऊ नका. गाडीतली बॅटरी नावालाच १२ व्होल्टची असते. विश्रांतीत सुमारे १२.६ आणि इंजिन चालू असताना १४ व्होल्टच्या आसपास, हे ठीक आहे, पण अल्टरनेटर (इंजिनवर चालणारे वीजजनित्र) भार वाहत असताना बॅटरीचे टोक सैल झाले तर क्षणभर कित्येक दहा व्होल्टचा उसळा येऊ शकतो. थायरिस्टर अशा वेगाने चढणाऱ्या व्होल्टेजमुळे गेटला हात न लावताही सुरू होतो, आणि साधा ५५५ तर १६ व्होल्टपर्यंतच्याच वापरासाठी बनवलेला आहे. म्हणून सर्किटच्या पुरवठ्यात १०० ओहमचा रेझिस्टर आणि त्यापुढे १५ व्होल्टचा झेनर (व्होल्टेज त्यापेक्षा वर चढू न देणारा डायोड) ठेवा (बझरचा प्रवाह मात्र या रेझिस्टरमधून नेऊ नका), आणि बॅटरीच्या टोकाजवळच १ अँपिअरचा फ्यूज बसवा, म्हणजे वायर कुठे घासून पत्र्याला लागली तरी आग लागणार नाही. तर्कही उलटा आहे : पुष्कळ गाड्यांत दाराचा स्विच दार उघडल्यावर जुळतो आणि आतल्या दिव्याचे टोक बॉडीला जोडतो.

सुरुवातीला चोराचा नाद सोडून ‘दिवे चालू राहिले’ हे सांगणारा अलार्म करा, असे मी सुचवेन. बझरचे धन टोक पार्किंग दिव्याच्या वायरला, ऋण टोक दाराच्या स्विचच्या वायरला आणि मध्ये मालिकेत १एन४००७ डायोड, एवढेच ते सर्किट! दिवे चालू आणि दार बंद असेल तेव्हा दोन्ही टोकांना १२ व्होल्ट असतात. दिवे बंद आणि दार उघडे असेल तेव्हा दोन्ही टोके शून्यावर असतात. बझर वाजतो तो फक्त दिवे चालू ठेवून दार उघडल्यावर. डायोड गाळला तर दिवे आणि दार दोन्ही बंद असताना बझरमधून उलटा प्रवाह जातो. ज्या गाड्यांत दिवे आणि दारे संगणकामार्फत चालतात, तिथे आधी मल्टिमीटरने मोजून पाहा, आणि एअरबॅगच्या वायरींना कोणत्याही कारणाने हात लावू नका.

नवशिका

दोघांचेही आभार. घरातून बाहेर पडताना मलाच दार उघडावे लागणार. त्यासाठी अर्ध्या मिनिटाची सवलत कशी द्यावी?

जुना थायरिस्टर

इथे ५५५ कामी येतो. पुरवठा मिळताच एकदाच चालणारा टायमर करा आणि त्याच्या आउटपुटवर बीसी५४७ ट्रान्झिस्टर चालवून तेवढा वेळ गेट ऋण टोकाशी दाबून ठेवा. वेळ १.१ गुणिले रेझिस्टर गुणिले कपॅसिटर या सूत्राने निघतो; २७० किलोओहम आणि १०० मायक्रोफॅरड घेतल्यास जवळजवळ ३० सेकंद मिळतात. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरची किंमत वीस टक्क्यांनी इकडेतिकडे असणे नेहमीचेच, त्यामुळे घड्याळ लावून तपासा. साधा ५५५ स्वतःच १० मिलिअँपिअरच्या आसपास खातो, म्हणजे साखळीच्या सुमारे आठपट. बॅटरीवर महिनोन्‌महिने ठेवायचे असेल तर त्याची कमी प्रवाह खाणारी सीमॉस आवृत्ती ७५५५ वापरा.

डायोडप्रेमी

गाडीतही हाच हिशेब लावा. १० मिलिअँपिअरचा अखंड भार महिन्याभरात ७.२ अँपिअर-तास उपसतो, आणि गाडी उभीच राहणार असेल तर ते थोडे नव्हेत.