कैफियतीला मुदतवाढ : ऊसतोडीला गेलेल्या माणसालाही 90 च दिवस?

बांधावरचा, केज
चुलतभाऊ बायकोसकट ऊसतोडीला कर्नाटकात. दसरा झाला की टोळी निघते ती पाडव्याच्या आगंमागं परत. घरी एकटी काकू. नोव्हेंबरात बेलिफ आला. बांधाच्या दाव्याचं समन्स काकूनं अंगठा देऊन घेतलं आणि गणपतीच्या तसबिरीमागं खोचून ठेवलं. फोनवर पोराला एवढंच सांगितलं, "कोर्टाचा कागद आलाय, आल्यावर बघ." मार्चात तो आला तेव्हा कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, वेळेत आली नाही म्हणून "नो डब्ल्यूएस" (लेखी उत्तराविनाच दावा पुढं) आदेश होऊन बसला होता. आता मुदतवाढीचा अर्ज दिलाय, तर समोरचा वकील म्हणतो समन्स मिळून 90 दिवस उलटले, विषय संपला. पोटासाठी बाहेर गेलेला आणि मुद्दाम तारखा खाणारा, दोघांना एकच माप? आपल्या भागात तरी ही मुदत सैलच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत.

लातूरची लेक
सैल मुदत कशी दिसते ते वादीच्या बाकावर बसून बघा, दादा. मी भावांवर वाटपाचा दावा टाकला. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं लेकीलाही जन्मानं हक्क आहे, 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आणखी पक्का केला. पण भावांची कैफियत यायलाच सात महिने लागले. पहिल्या तारखेला वकीलपत्र, दुसरीला "कागद मिळाले नाहीत", तिसरीला वकील दुसऱ्या कोर्टात, चौथीला पाचशे रुपये खर्च (उशिराबद्दल समोरच्याला द्यायची रक्कम) भरून मुदत. पाचशे! त्या मधल्या काळात दोन एकर विकून मोकळे झाले. मी आपली दर तारखेला एसटीच्या अर्ध्या तिकिटात जायची आणि पुढची तारीख घेऊन यायची.

बांधावरचा, केज
ताई, तुमचे भाऊ गावातच होते. आमचा माणूस कोयता घेऊन दुसऱ्या राज्यात होता. त्यांचा राग आमच्यावर काढू नका.

लातूरची लेक
तो निवाडा कोण करणार? अर्जात सगळेच "अपरिहार्य कारणास्तव" लिहितात.

काळा कोट, अंबाजोगाई
आधी कायदा काय म्हणतो ते घ्या. दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश 8 नियम 1 : समन्स बजावल्यापासून 30 दिवस, आणि कोर्टानं कारण लिहून दिलं तर फार तर 90. हे 2002 पासून लागू. पण 2005 मध्ये कैलाश विरुद्ध नन्हकू या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की ही मुदत कोर्टाचे हात बांधत नाही, अपवाद म्हणून 90 नंतरही कैफियत घेता येते. मात्र त्याच वर्षी सेलम बार या वकील संघटनेच्या प्रकरणातल्या निकालात बजावलं की ही सूट फक्त फारच अडचणीच्या प्रकरणात. व्यापारी दाव्यांचं वेगळं. तिथं 120 दिवस झाले की हक्कच जातो. बांध आणि वाटप त्यात येत नाहीत, त्यामुळे "विषय संपला" म्हणणारा वकील एक तर घाबरवतोय किंवा वाचत नाही.

बांधावरचा, केज
मग जिंकलोच की! आणि समन्स तर भावाच्या हातात पडलंच नाही. 90 दिवस मोजायचेच कशाला?

काळा कोट, अंबाजोगाई
घाई करू नका. आदेश 5 नियम 15 प्रमाणे प्रतिवादी घरी नसेल, लवकर सापडायची शक्यता नसेल आणि त्याच्या वतीनं समन्स घ्यायला कुणी नेमलेला नसेल, तर सोबत राहणाऱ्या सज्ञान कुटुंबीयाला दिलेलं समन्स चालतं. म्हणजे "पाच महिने ऊसतोडीला होतो" असं तुम्ही जितकं ठासून सांगाल तितका काकूचा अंगठा पक्का होतो. बजावणीवर भांडू नका, उशिराच्या कारणावर भांडा.

जुना दप्तरी, परभणी
मी आयुष्यभर जुन्या कागदांच्या नकला दिल्या, म्हणून एक सांगतो. आपल्याकडं जमिनीचा वाद म्हटला की 1954 चं खासरा पत्रक (जमिनीच्या नोंदीचा जुना कागद) लागतं, त्यामागं गेलं की निजामाच्या काळातला उर्दू कागद. तो वाचणारा माणूस आधी शोधायचा, मग नक्कल, मग भाषांतर. 30 दिवसांत काय होणार? पुण्या-मुंबईचं माप इथं लावू नये.

लातूरची लेक
काका, माझ्या भावांनी हेच सांगितलं होतं. शेवटी दाखल केलेल्या कैफियतीला साधा सातबारासुद्धा जोडलेला नव्हता!

काळा कोट, अंबाजोगाई
ताईंचा मुद्दा बरोबर आहे. कैफियत म्हणजे आपलं म्हणणं. कागद मागाहून कोर्टाच्या परवानगीनं देता येतात, खासऱ्यासाठी कैफियत अडत नाही. आणि आम्हा वकिलांचंही बोलतो : निम्मे अर्ज पक्षकारामुळं नाही, आमच्या टेबलावर फाईल पडून राहते म्हणून होतात. पक्षकार बिचारा फी देऊन वर खर्चही भरतो. मुदतवाढ द्यावी, पण खर्च वादीच्या येण्याजाण्याला आणि बुडालेल्या रोजाला पुरेल इतका असावा, आणि तो त्याच दिवशी वादीच्या हातात पडावा. पाचशेत कुणाला काही वाटत नाही.

बांधावरचा, केज
मोठा खर्च म्हणजे गरिबालाच फटका. मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फेडता फेडता माणूस मेटाकुटीला आलाय आमचा.

लातूरची लेक
आणि मी श्रीमंत आहे का?

बांधावरचा, केज
तसं नाही म्हणलो, ताई. बरं, वकीलसाहेब, 14 तारखेला सुनावणी आहे. मुकादमाची उचलीची चिठ्ठी जोडली तर चालेल?

काळा कोट, अंबाजोगाई
जोडा. कारखान्याकडचा तोडणीचा काही कागद असेल तर तोही. काकूचं शपथपत्र घ्या, तसबिरीमागची गोष्ट त्यात जशीच्या तशी येऊ द्या. मार्चात आल्यापासून आजपर्यंतच्या दिवसांचाही हिशोब द्या, कोर्ट तेच आधी विचारेल. आणि नुसती मुदत मागू नका, कैफियत टाईप करून सोबत घेऊन जा.

बांधावरचा, केज
कैफियत अजून लिहायचीय. वकील म्हणाले आधी मुदत तर मिळू द्या.

लातूरची लेक
घ्या. हे वाक्य मी ऐकलेलं आहे.