पिस्टनचा कार्बन काढायला लेझर: पल्सवालं घ्यावं का? मदत हवी आहे

कोल्हापूरच्या उद्यमनगरात डिझेल इंजिन ओव्हरहॉलिंगचं काम करतो, बहुतेक ट्रॅक्टरची. अडचण ॲल्युमिनियमच्या पिस्टनची आहे. माथ्यावरचा कार्बन निघतो, पण रिंगच्या खाचांत तो डांबरासारखा बसलेला असतो.

करून पाहिलेलं: रात्रभर डिझेलमध्ये भिजवणं (वरवरचं निघतं), तुटलेल्या रिंगच्या तुकड्याने खरवडणं (खाचेची कड जाते), काचेच्या मण्यांचं ब्लास्टिंग (मणी तेलाच्या भोकांत अडकतात, एक राहिला तरी बेअरिंगचं वाटोळं). कॉस्टिक सुचवू नका, ॲल्युमिनियम खातं.

गेल्या महिन्यात एकाकडे १५०० वॅटच्या कंटिन्युअस (किरण सलग सोडणाऱ्या) लेझरवर ट्रायल घेतली. बिडाच्या हेडचा गंज झकास निघाला. पिस्टनवर मात्र हात जरा रेंगाळला आणि वरच्या खाचेच्या कडेला मोहरीएवढा वितळलेला मणी तयार झाला. तो पिस्टन भंगारात!

आता २०० वॅटचं पल्स फायबर लेझर (किरण तुटक झटक्यांत सोडणारं), १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचं, बघतोय. विकणारा म्हणतो धातूला धक्का लागत नाही, तो म्हणणारच. शेडमध्ये सिंगल फेजच आहे, दिवसाला जेमतेम दहा-बारा पिस्टन. त्या तरंगलांबीचा चष्मा आणि धूर ओढायची सोय करणार आहे, त्याची काळजी नको.

ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनीच सांगा: पल्सने खाचेच्या तळाच्या कोपऱ्यातला कार्बन निघतो का, की किरण तिरका लागून तिथे सावलीच राहते? आणि नंतर नवी रिंग घालून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजल्यावर रिंग आणि खाचेतली फट वाढलेली दिसली का?