२०२०-२१चा स्की मोसम: व्हँकुव्हरकरांनी व्हिस्लरला जायला हवं होतं का?

बर्फाळ_बंड्या: कोविडच्या त्या हिवाळ्यात ब्रिटिश कोलंबियाच्या आरोग्य अधिकारी डॉ. बॉनी हेन्री सांगत होत्या की गरज नसेल तर प्रवास टाळा, स्कीइंग जवळच्याच डोंगरावर करा. व्हँकुव्हरला लागून सायप्रस, ग्राउस आणि सीमोर हे स्कीचे डोंगर आहेत. तरी शनिवार-रविवारी १२० किलोमीटरवरच्या व्हिस्लर या स्कीच्या गावाला गाड्या जातच होत्या. माझ्या मते चुकलंच त्यांचं. सीमोर लहान आहे, बर्फाऐवजी पाऊसही पडतो, मान्य. पण ऑफिस सुटल्यावर दिव्यांच्या उजेडात स्कीइंग करून जेवायला घरी येता येतं. एक मोसम तेवढ्यावर भागवायला काय हरकत होती?

घाटवाट: सल्ला वेगळा, कायदा वेगळा. विभागाबाहेर प्रवासबंदीचा आदेश आला २३ एप्रिल २०२१ला, ५७५ डॉलर दंडासकट. त्यातही व्हँकुव्हर आणि व्हिस्लर एकाच विभागात! खरंच थांबवायचं असतं तर फ्रान्ससारख्या डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच बंद ठेवायच्या. (सीमोरचं म्हणाल तर ऊन पडलं की पार्किंग फुल्ल.)

पोहे_विथ_पावडर: घाटवाट +१

खारीक: मी तेव्हा व्हिस्लरच्या एका हॉटेलात कामाला होते. आजारी पडले ते बहुतेक विशी-तिशीतले, एकेका घरात दाटीने राहणारे. लिफ्टच्या रांगेत मास्क होते, वर मोकळी हवा. लागण व्हायची घरात. अमेरिकेची सीमा बंद, विमानाने येणारे पाहुणे जवळपास नाहीतच. व्हँकुव्हरकरही आले नसते तर आमचे कामाचे तास निम्म्यावर आले असते.

बर्फाळ_बंड्या: खारीकताई, हे माझ्याच बाजूने जातंय. पाहुणा आला की कुणीतरी त्याची खोली आवरतं, त्याला कॉफी देतं आणि रात्री त्याच दाटीच्या घरात झोपायला जातं. शेवटी ३० मार्च २०२१पासून व्हिस्लर ब्लॅककोंब, म्हणजे तिथलं स्की रिसॉर्ट, बंद करावं लागलं. सीमोर, ग्राउस, सायप्रस चालू राहिले.

घाटवाट: म्हणजे तुमचे डोंगर चालू राहिले म्हणून तुमचं बरोबर?

खारीक: बंड्या, मार्च २०२०मध्ये एका शनिवारी निरोप आला, रविवारपासून लिफ्ट बंद. किती मुलं बॅगा भरून गेली ते मी पाहिलंय. तुम्ही आला नाहीत म्हणून आमची खोली मोठी होत नाही. स्की-पासचे पैसे घेणाऱ्यांनी कामगारांना राहायला जागा द्यावी, यावर धागा काढा. मी पहिला प्रतिसाद देते.