कॅनडातले फ्रेंचभाषक आणि आपल्या मराठी शाळा

मांडवीकाठ: कॅनडात क्यूबेक या फ्रेंचबहुल प्रांताबाहेर फ्रेंच बोलणारे मूठभर, तरी त्यांच्या शाळा टिकल्या. कशा? गोव्यातल्या फोंडा तालुक्यात मराठी प्राथमिक शाळांचे पट घसरताहेत म्हणून विचारतोय. संमेलनं, ठराव नकोत; संस्था कशी बांधली ते सांगा.

जुनीपाटी: आधी एक गोंधळ काढून टाका. तिथली 'इमर्शन' शाळा इंग्रजी घरांतल्या मुलांना फ्रेंच शिकवते. फ्रेंच शाळा वेगळी. ती कॅनडाच्या 1982च्या हक्कांच्या सनदेतल्या कलम 23मुळे फ्रेंच पालकांचा हक्क म्हणून मिळते. मेख एकच, 'संख्या पुरेशी असेल तर'. ही संख्या मोजायची कशी यावरच सगळी भांडणं झाली. प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या समरसाइडमध्ये सरकार म्हणालं, मुलांना बसने दूरच्या फ्रेंच शाळेत धाडा. 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. आज नाव घालणारी मुलं आणि हक्क असलेली एकूण मुलं, या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी खरी संख्या असते, असं ठरलं. शाळाच नाही तिथे नावं घालणार कोण!

त्याआधी 1990च्या अल्बर्टा प्रांतातल्या माहे खटल्यात कारभाराचा हक्कही मिळाला: शिक्षक नेमणं, भाषेच्या शिक्षणावरचा खर्च, अभ्यासक्रम. माझ्या मते खरा पाया हा.

नारळीपोफळी: इमारतही बघा. न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या फ्रेडरिक्टनला 1978 साली उघडलेल्या सेंट-अ‍ॅन केंद्रात शाळा, वाचनालय आणि नाट्यगृह एकाच छपराखाली आहे. शाळा सुटली तरी फ्रेंच सुटत नाही. गळती दोन ठिकाणी होते. एक, आई-बाबांपैकी एकजण इंग्रजी बोलणारा असला की मूल फ्रेंच न येताच पहिलीत पोचतं. म्हणून पाळणाघर शाळेला चिकटून हवं. दुसरी माध्यमिकला, शेजारच्या इंग्रजी शाळेची प्रयोगशाळा मोठी दिसली की पोरं तिकडे.

मांडवीकाठ: आपल्याकडे कायद्याचा आधार आहे?

जुनीपाटी: घटनेचं कलम 30. भाषिक अल्पसंख्याकांना शाळा काढून चालवता येते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2002च्या टी. एम. ए. पै निकालानुसार अल्पसंख्य कोण ते राज्यागणिक ठरतं. 350-अ मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाच्या सोयीबद्दल आहे. (कोकणी-मराठी राजभाषेचा वाद इथे उकरू नका, धागा बंद पडेल.) भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाताना शाळेचा पट नेऊ नका. वाड्यावाड्यांतून तीन ते सहा वयाच्या मुलांची यादी करा: घरातली भाषा, शाळेपर्यंतचं अंतर, बालरथ (शाळेची बस) येतो की नाही.