ल्युपसमधला विसराळूपणा: ब्राह्मी, अश्वगंधा, गुळवेल यांतलं काय चालेल?

केतकी_पी
बहिणीला ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) आहे. वय 36, वजन 60 किलो. औषधं अशी: हायड्रॉक्सिक्लोरोक्विन 300 मिग्रॅ, अझाथायोप्रिन 50 मिग्रॅ दोन वेळा, प्रेडनिसोलोन 5 मिग्रॅ, अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी (गुठळ्यांचा धोका वाढवणारी) पॉझिटिव्ह असल्याने अ‍ॅस्पिरिन 75 मिग्रॅ आणि अंगदुखीसाठी रात्री अमिट्रिप्टिलिन 25 मिग्रॅ. सी3, सी4 (आजार किती सक्रिय आहे ते दाखवणारे रक्तातले घटक) नॉर्मल आहेत, लघवीत प्रथिनं नाहीत, सांधे शांत आहेत. तरी सहा महिन्यांपासून डोकं चालत नाही. बोलताना साधा शब्द अडकतो, दूध गॅसवर ठेवून विसरते, एकच हिशेब तीनदा करते.

नातेवाइकांनी आणून दिलेलं सामान टेबलावर मांडून ठेवलंय: ब्राह्मी कॅप्सूल, अश्वगंधा, गुळवेल रस, हळद-मिरी कॅप्सूल, अल्फाल्फा पावडर. अजून काहीही सुरू केलेलं नाही. यातलं काय चालेल, किती मात्रेत, आणि आधी कोणत्या तपासण्या करायच्या?

संधिवात_ओपीडी
काही सुरू केलं नाहीत हे फार चांगलं केलंत. कॅप्सूलकडे वळण्याआधी विसराळूपणाचं कारण शोधा. ल्युपसमध्ये तो आजारामुळे येतोच, पण त्याच्या आडून दुसरी साधी कारणंही काम करत असतात.

टीएसएच (थायरॉइड), बी12, हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा) आणि डी जीवनसत्त्व करून घ्या. बी12 बद्दल एक बारकावा आहे. अझाथायोप्रिनमुळे एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) तसाही वाढतो, त्यामुळे रिपोर्टमध्ये पेशी मोठ्या दिसल्या म्हणजे बी12 कमी असा अर्थ लागत नाही. उलट बाजूही आहे: 'ते अझाथायोप्रिनमुळे असेल' असं म्हणून खरी कमतरता नजरेआड होते. म्हणून अंदाज न बांधता बी12 थेट मोजा. घरी शाकाहार असेल तर नक्कीच.

दुसरा संशय अमिट्रिप्टिलिनवर. हे औषध मेंदूतल्या अ‍ॅसिटिलकोलिनचा मार्ग अडवतं, आणि नवी आठवण पक्की व्हायला तेच लागतं. सर्दी-खाजेच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिनही तेच करतं, दोन्ही चालू असतील तर परिणाम वाढतो. ब्राह्मी अ‍ॅसिटिलकोलिनला मदत करते असं मानलं जातं. म्हणजे एका हाताने नळ बंद करायचा आणि दुसऱ्या हाताने बादली भरायला बसायचं. अमिट्रिप्टिलिन स्वतःहून बंद करू नका. मात्रा कमी करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. विसरणं सहा महिन्यांपूर्वी सुरू झालं आणि गोळीही तेव्हाच सुरू झाली होती का, ते तारखा लावून पाहा.

तिसरी गोष्ट अँटिफॉस्फोलिपिडची. या अँटिबॉडीमुळे मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊ शकतात, त्यातूनही स्मृती मंदावते. ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-2 ग्लायकोप्रोटीन या तीन चाचण्यांपैकी कोणती किमान 12 आठवड्यांच्या अंतराने दोनदा पॉझिटिव्ह आली होती का, हे फाइलमध्ये बघा. एमआरआय करायचा की नाही, ते त्यावर आणि तपासणीवर ठरेल.

आणि झोप. प्रेडनिसोलोन दुपारनंतर घेत असेल तर सकाळी नाश्त्यानंतर घेऊ द्या.

एकाएकी गोंधळ, फिट, बोबडी वळणं, एका बाजूला अशक्तपणा किंवा तापासोबत तीव्र डोकेदुखी असं काही झालं तर थेट रुग्णालय गाठा.

वनस्पतीवाला
टेबलावरच्या सामानाबद्दल लिहितो. गुळवेल आणि अल्फाल्फा आजच बाजूला काढा. हे दोन्ही मला नुसते निरुपयोगी वाटत नाहीत, ल्युपसमध्ये ते धोक्याचे आहेत.

गुळवेल प्रतिकारशक्तीला चालना देते म्हणूनच विकली जाते. ल्युपसमध्ये प्रतिकारशक्ती आधीच स्वतःच्या शरीरावर चालून गेलेली असते, आणि अझाथायोप्रिन तिला आवर घालायला दिलेलं असतं. कोरोनाच्या काळात गुळवेलचे काढे घराघरांत उकळले गेले. 2020 च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईत गुळवेल घेतलेल्या सहा जणांना यकृताची इजा झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं, पुढे देशभरातल्या 43 रुग्णांची मालिका प्रसिद्ध झाली. बहुतेकांच्या यकृतात ऑटोइम्यून हेपटायटिससारखं, म्हणजे प्रतिकारशक्तीनेच यकृतावर हल्ला केल्यासारखं चित्र होतं. आयुष मंत्रालयाने मुंबईच्या निष्कर्षांवर हरकत घेतली आणि वनस्पतीची ओळख नीट पटवली नसल्याचं म्हटलं. तो वाद बाजूला ठेवला तरी तुमच्या बहिणीच्या बाबतीत पेच उरतोच: एसजीपीटी (यकृताची इजा दाखवणारी चाचणी) वाढला तर तो अझाथायोप्रिनमुळे, गुळवेलमुळे की आजारामुळे, हे सांगताच येणार नाही. मग लागू पडलेलं औषध उगाच बंद करावं लागतं.

अल्फाल्फा म्हणजे आपल्याकडे गुरांना घालतात तो लसूणघास. त्याच्या बियांत आणि मोडांत एल-कॅनाव्हनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला माकडांना हे मोड खाऊ घातले तेव्हा त्यांच्यात ल्युपससारखा आजार दिसला, आणि अल्फाल्फाच्या गोळ्या घेणाऱ्या ल्युपसच्या रुग्णांत आजार पुन्हा उसळल्याच्या नोंदी आहेत. 'ताकदीचं टॉनिक' म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांच्या लेबलवरही हे नाव शोधा. स्पिरुलिनाही टाळा, तीही गुळवेलसारखी प्रतिकारशक्तीला चालना देते.

अश्वगंधा: स्मृतीवरच्या ज्या भारतीय चाचणीचा दाखला दिला जातो, त्यात मुळाचा अर्क 300 मिग्रॅ दिवसातून दोनदा, 8 आठवडे दिला होता. तिथे 50 प्रौढ होते आणि तक्रार सौम्य स्मृतिदोषाची होती, ल्युपसची नव्हे. ती थायरॉइडचे हार्मोन वाढवू शकते, गुंगी आणते (अमिट्रिप्टिलिनवर आणखी भर), आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. मी नको म्हणेन.

हळद-मिरी: जेवणातली हळद निर्धास्त खाऊ द्या, तिच्यात कर्क्युमिन जेमतेम 3 टक्के असतं. कॅप्सूलची गोष्ट वेगळी. 1998 मध्ये बंगळुरूच्या अभ्यासात 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत 20 मिग्रॅ पिपरिन (मिरीतला तिखट घटक) दिल्यावर माणसांत कर्क्युमिनची उपलब्धता 20 पट झाली होती. जाहिरातीत हा आकडा मिरवतात. पण पिपरिन हे साधतं ते यकृत-आतड्यातली औषधं मोडणारी यंत्रणा मंद करून, आणि ती यंत्रणा फक्त कर्क्युमिनसाठी नसते. पुढे टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं) सुरू झालं तर त्याची रक्तातली पातळी चढू शकते. शिवाय अ‍ॅस्पिरिन चालू आहे, रक्तस्रावाकडे कल वाढवणारी आणखी एक गोष्ट कशाला?

कोणी गिंको सुचवलं तर तेही नको. मल्टिपल स्क्लेरोसिस हासुद्धा ऑटोइम्यून आजार, आणि त्यातल्या विसराळूपणासाठी अमेरिकेत गिंकोची नीट चाचणी झाली: 120 मिग्रॅ दोन वेळा, 12 आठवडे, सुमारे 120 रुग्ण. निकाल 2012 मध्ये आला, फायदा दिसला नाही.

केतकी_पी
गुळवेल आणि अल्फाल्फा काढून टाकलं. अमिट्रिप्टिलिन सात महिन्यांपूर्वी सुरू झालं होतं, हे आत्ता फाइल पाहून लक्षात आलं! डॉक्टरांना विचारते. राहिली ब्राह्मी. कॅप्सूलपेक्षा कुंडीतली पानं बरी का? गोल पानांची वेल आहे, नर्सरीतून आणलेली.

दगडफूल
केतकीताई, गोल, कडेला बारीक दाते असलेलं, देठावर उभं राहिलेलं पान असेल तर ती मंडूकपर्णी. कोकणात तिला कारिवणा म्हणतात. नर्सरीवाले तिलाच ब्राह्मी म्हणून देतात. स्मृतीवरच्या चाचण्या ज्या ब्राह्मीच्या झाल्या ती नीरब्राह्मी: पाणथळ जागी पसरणारी, पानं करंगळीच्या नखापेक्षा थोडी लांब, जाड, रसाळ आणि कड सरळ, फूल पांढरट-जांभळं. मंडूकपर्णीच्या गोळ्यांमुळेही यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा कुंडीतली पानं रोज औषध म्हणून नकोत.

नीरब्राह्मीच्या चाचण्या निरोगी किंवा वयस्कर माणसांवर झाल्या, साधारण 300 मिग्रॅ अर्क रोज, 12 आठवडे. चार दिवसांत फरक पडेल ही अपेक्षा ठेवू नका. डॉक्टर हो म्हणाले तरच, आणि अमिट्रिप्टिलिनचा निर्णय होऊन महिना उलटल्यावरच सुरू करा. दोन बदल एकदम केले तर गुण कशाचा आला ते कळत नाही.

लेबलवर 'बॅकोपा मोनिएरी' हे नाव, 'अर्क' हा शब्द आणि बॅकोसाइडचे (तिच्यातल्या मुख्य घटकांचे) टक्के हवेत. टक्के यूव्हीने मोजले की एचपीएलसीने (या प्रयोगशाळेतल्या दोन पद्धती), तेही पाहा, यूव्हीचा आकडा बराच फुगलेला येतो. चूर्ण 300 मिग्रॅ म्हणजे अर्क 300 मिग्रॅ नव्हे. ही वनस्पती चिखलातले जड धातू शोषून घेते, म्हणून बॅचचा शिसं-कॅडमियमचा रिपोर्ट मागा. देत नसतील तर घेऊ नका. उपाशीपोटी मळमळ, पोटात कळ आणि वरचेवर शौच होते, जेवणानंतर घ्यावी. नाडी मंद असेल किंवा बीटा-ब्लॉकर (नाडी मंद करणारी रक्तदाब-हृदयाची गोळी) चालू असेल तर नको.

'ब्राह्मीयुक्त' म्हणून दुसरंच काही हाती येणार नाही याकडे लक्ष ठेवा. स्मृतिसागर रसात पारा, हरताळ आणि मनशीळ असते, म्हणजे पारा आणि आर्सेनिक. ल्युपसमध्ये मूत्रपिंड जपायचं असताना ते घरात आणूसुद्धा नका. सारस्वतारिष्टात आंबवण्यातून तयार झालेला अल्कोहोल असतो, उद्या मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू झालं तर यकृतावर दुहेरी भार.

संधिवात_ओपीडी
दगडफूल यांच्याशी सहमत. सुरू करण्याआधी एसजीपीटी, एसजीओटी, बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं करून ठेवा, मग 4 आणि 12 आठवड्यांनी पुन्हा. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज किंवा जेवणावरची वासना गेली तर त्याच दिवशी बंद करून एसजीपीटी करा. बाटली फेकू नका, बॅच नंबर लागतो. दुष्परिणाम 1800-180-3024 या औषधसुरक्षा हेल्पलाइनवर कळवता येतो.

फरक मोजण्यासाठी मनाला काय वाटतं यावर जाऊ नका. स्मृती आणि विचारशक्ती तपासणारी मॉन्ट्रियल चाचणी, म्हणजे मोका, 30 गुणांची असते, 26 च्या खाली आले तर पुढे तपासतात. ती आधी आणि 12 आठवड्यांनी करून घ्या. घरी रोजच्या चुकांची वही ठेवा: दूध उतू गेलं, शब्द अडला, हिशेब चुकला, नुसती तारीख आणि खूण.

आणि केस गळतात म्हणून बायोटिन चालू असेल तर टीएसएचच्या आधी निदान दोन-तीन दिवस थांबवा आणि लॅबला सांगा. जास्त मात्रेच्या बायोटिनने थायरॉइडचे आकडे खोटे येतात, आणि मग नसलेल्या आजारावर उपचार सुरू होतात.