कोसॅक म्हणजे पळून गेलेले भूदास? मला नाही पटत

भटकभवानी:
कोसॅकांचा, म्हणजे युक्रेन आणि दक्षिण रशियाच्या माळावरच्या त्या लढवय्यांचा, विषय निघाला की ठरलेली गोष्ट सांगतात. जमीनदाराच्या जाचाला कंटाळून कुळं दक्षिणेच्या मोकळ्या माळावर पळाली, तेच कोसॅक. मग नाव तुर्की कसं? 'कझाक' म्हणजे टोळीतून फुटलेला, कुणाचा ताबेदार नसलेला माणूस. कझाकस्तानातला कझाक तोच, आणि उर्दूत कज्जाक म्हणजे चक्क लुटारू. १५व्या शतकात हे नाव तातार स्वारांनाही लावलेलं दिसतं. छावणीला 'कोश' म्हणतात, तोही शब्द तुर्की. स्लाव्ह मंडळी या धंद्यात मागाहून शिरली.

तिसराडोळा:
शब्दावरून वंश ठरला असता तर आपले फडणीस-चिटणीस इराणचे म्हणायचे! झापोरोझियाचे कोसॅक घोड्यापेक्षा होडीवर जगले, तेवढं एक बघा. झापोरोझिया म्हणजे द्नीपर नदीच्या धबधब्यांपलीकडचा मुलूख. त्यांच्या 'चाइका' होडीच्या दोन्ही बाजूंना बोरूचे जाड भारे बांधलेले असत, पाणी आत शिरलं तरी होडी बुडायची नाही. सुकाणू दोन, एक पुढे, एक मागे. म्हणजे पळायची वेळ आली की होडी वळवायलाच नको. एकेकीत पन्नास-साठ माणसं. असल्या होड्यांतून १६१५ मध्ये हे लोक इस्तंबूलच्या वेशीपर्यंत जाळपोळ करून आले. ही विद्या नदीकाठच्या माणसाची, माळावरच्या स्वाराची नव्हे. आणि १६४९ च्या कायद्याने मॉस्कोने कुळं जमिनीला कायमची बांधल्यावर लोक रशियातल्या 'दोन' (डॉन) नावाच्या नदीकडे पळाले ते पळालेच. 'दोनवरून कुणाला परत धाडत नाहीत' ही म्हण काय उगाच पडली?

काठावरचा:
ती म्हण बंडखोर कोसॅक स्तेपान राझिनला ऐकवायला हवी होती. १६७१ मध्ये दोनकाठच्याच कोसॅक पुढाऱ्यांनी त्याला पकडून मॉस्कोच्या हवाली केलं, तिथे त्याचे तुकडे झाले. पोलंडच्या राजानेही १५७२ मध्येच निवडक कोसॅकांना पगारी नोंदवहीत घेतलं होतं. नोंदवहीतले वेगळे, उघडेवाघडे 'होलोता' वेगळे. मोकळ्या माणसांची बिरादरी वगैरे ऐकायला छान. १६४८ मध्ये कोसॅक सरदार ख्मेल्नीत्स्कीने पोलंडविरुद्ध केलेल्या बंडात ज्यूंच्या वस्त्यांच्या वस्त्या कापल्या गेल्या, त्याबद्दल तुम्ही दोघंही गप्प.

भटकभवानी:
गप्प नाही, धागा उगमाचा आहे म्हणून तिथवर पोचलो नव्हतो. होडीचा मुद्दा मान्य. पण मग शेंडीचं काय? डोकं तासून वर एक लांब बट ठेवायची, तिला म्हणायचं 'ओसेलेदेत्स', म्हणजे हेरिंग मासा. ही तऱ्हा माळावरचीच.

तिसराडोळा:
१०व्या शतकातल्या कीव्हच्या राजा स्व्यातोस्लावचं वर्णन एका बायझंटाईन लेखकाने केलंय. डोकं भादरलेलं, एका बाजूला बट. तेव्हा कोसॅक कुठे होते?

भटकभवानी:
स्व्यातोस्लावने तरी ती कुणाची बघून ठेवली? शेजारी खझार आणि पेचेनेग या माळावरच्या तुर्की टोळ्या होत्या की!

काठावरचा:
म्हणजे आता धागा शेंडीचा झाला.